चंबूवरचा चौकोन

नित्याला वाटलं होतं, मी हंड्याएवढा असेन. सोन्यासारखा झळझळीत, गळ्यात अबोलीचा हार, भजनमंदिरात देवाच्या उजव्या हाताला मानाने बसवलेला. लहानपणी पाहिलेल्या वस्तू माणसाच्या आठवणीत वाढत जातात. ती आठ वर्षांची असताना आईवडिलांबरोबर पुण्याला गेली, तिथे शिकली, पुढे विलायतेत शिकली, आणि या सगळ्या काळात मी तिच्या मनात मोठा होत राहिलो.

प्रत्यक्षात मी तिला सापडलो मंदिराच्या कपाटात, सगळ्यात खालच्या फळीवर. माझ्या पोटात जळालेले बल्ब होते, सुतळीचं रीळ होतं आणि कुणाचा तरी एका काडीचा चष्मा होता.

"हाच?" तिने विचारलं.

"हाच गे," सुंदरराव म्हणाले. ते तिचे मामा. "तुजला काय रथ पाहिजे होता?"

होय, मीच तो. मी एक पितळेचा चंबू. गोल पोट, आखूड मान, ओठ बाहेर वळलेला. मराठीत चंबू, आणि आमच्या कुंभकोणमच्या रस्त्यावर तमिळमध्ये सोंबु. मला दोन्ही नावं चालतात. ज्या घरांनी मला वापरलं, त्यांचंही तसंच आहे. उंबऱ्याच्या आत मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. तीनशे वर्षांपूर्वी यांचे पूर्वज तंजावरच्या मराठी राजांबरोबर इकडे आले आणि कावेरीच्या पाण्याने इथलेच होऊन गेले. मराठी मात्र तेव्हाचीच राहिली. नित्या बोलायला लागली की मामा म्हणतात, "तू बोलतेस तें छापल्यासारखं वाटतं." त्यावर ती म्हणते, "आणि तुम्ही बोलता ते बखरीसारखं." मग दोघंही हसतात.

माझा जन्म याच गावातला. भांडी करणाऱ्यांच्या गल्लीत, नदीच्या गाळाच्या साच्यात, मला ओतलं. थंड झालो तेव्हा मी काळा आणि खरखरीत होतो. मग घासणं आलं, ठोकणं आलं, आतून कल्हई आली. ज्याने मला घडवलं त्याने शेवटी बोटाने माझ्या ओठावर टिचकी मारली, कान लावून ऐकलं आणि मान हलवली. त्या टिचकीचा नाद अजून माझ्या अंगात आहे.

मला विकत घेतलं ते स्वयंपाकघरासाठी नाही. मला घेतलं उंछवृत्तीसाठी.

ही चाल आता फार थोड्यांना ठाऊक आहे, म्हणून सांगतो. उत्सवाच्या दिवशी सकाळी भजनी मंडळाचा म्होरक्या मला उपरण्यात बांधून खांद्याला अडकवतो आणि अनवाणी गल्लीतून निघतो. मागे टाळ, झांजा, चिपळ्या. तो अभंग म्हणत चालतो. घराघरातल्या बायका दारात येतात, त्याच्या पायांवर पाणी घालतात आणि मूठभर तांदूळ माझ्या पोटात सोडतात. याला भीक म्हणायचं नाही, कारण तो मागत नाही. तोंडाने फक्त गातो. दार उघडलं तर थांबतो, नाही उघडलं तर पुढे जातो. देणाऱ्याच्या तोंडाकडे बघायचं नाही, नजर जमिनीवर ठेवायची. आणि जमलेले सगळे तांदूळ त्याच दिवशी शिजवायचे, एका पंक्तीत सगळ्यांनी जेवायचं. सूर्य मावळेपर्यंत माझं पोट रिकामं झालंच पाहिजे.

मला खांद्यावर घेणारे पहिले तुकोजीराव. आवाज असा, की तळ्यावरची कबुतरं उडायची. त्यांच्या काळात मी माणसं ओळखली ती फक्त त्यांच्या हातांवरून. मेंदी लागलेले हात, हळदीचे हात, थरथरणारे हात. एखादी आई आपल्या लेकराच्या इवल्या मुठीत तांदूळ द्यायची आणि ती मूठ माझ्यावर आणून उघडायची. अर्धे तांदूळ रस्त्यावर सांडायचे, चिमण्यांचं फावायचं. सावकाराच्या घरचा बारीक तांदूळ आणि विधवेच्या घरचा जाडा तांदूळ माझ्या पोटात पडला की मलाही सांगता येत नसे, कोणता कुणाचा. मला वाटतं, माझ्या आयुष्याचा सगळा अर्थ तेवढाच होता. मी मिसळून टाकणारं भांडं होतो.

तुकोजीरावांनंतर मी सुंदररावांच्या खांद्यावर आलो. ते बँकेत अधिकारी होते, उत्सवापुरते भागवत, म्हणजे भजनाचे म्होरके. पण मग गल्ल्या बदलल्या. मुलं चेन्नईला गेली, बेंगळुरूला गेली, त्याहून लांब गेली. ओसरीची घरं पाडून त्या जागी इमारती आल्या. उंछवृत्तीला दार लागतं. इमारतीला फाटक असतं आणि फाटकावर पहारेकरी. सुंदररावांचे गुडघे गेले, आणि एका वर्षी उत्सव मंदिराच्या आतल्या आत आटोपला. पुढच्या वर्षीही तेच. मग मला कुणीतरी खालच्या फळीवर ठेवलं. बल्ब सांभाळायला.

अशा वेळी नित्या आली.

ती परत आली होती मुलांच्या हृदयाच्या इस्पितळासाठी. गावाबाहेर ते नव्याने उभं राहिलं आहे, एका न्यासाचं. आसपासच्या गावांतली, जन्मतःच हृदयाला छिद्र असलेली मुलं तिथे येतात. पैसे असोत नसोत, कुणालाही परत पाठवायचं नाही असा तिथला नेम आहे, आणि तो नेम टिकवायला देणग्या लागतात. त्या गोळा करणं हे नित्याचं काम. विलायतेत मोठ्या संस्थेत नोकरी मिळत असताना ती इथे आली. तिच्याकडे बघितलं की वाटायचं, ही मुलगी झोपेतही चालत असेल.

"मामा, आपली उंछवृत्ती पुन्हा काढूया," माझ्या पोटातले बल्ब बाहेर काढत ती म्हणाली. "इस्पितळासाठी."

सुंदररावांचा चेहरा आधी उजळला, मग पडला. "अगे, उंछवृत्तींत मागायचं नसतं. घालतील तें घ्यायचं."

"घालतील तेच घेऊ."

"तांदूळ घालतील."

"पैसेही घालतील. तुम्ही गा तर खरं."

त्यांनी माझ्यावरून हात फिरवला. इतक्या वर्षांनी त्यांचा हात लागला आणि मला कळलं, हा माणूस नाही म्हणणार नाही. गुडघे नको म्हणत होते, पण खांदा हो म्हणत होता. खरं तर मलाही बाहेर पडायचं होतं. फळीवरच्या भांड्याला आणखी काय हवं असतं?

पहिली फेरी झाली. मामा लंगडत गायले, मंडळातली उरलेली चार म्हातारी माणसं झांजा वाजवत मागे आली, नित्या माझ्याशेजारून चालली. बायका बाहेर आल्या. काहींच्या डोळ्यांत पाणी आलं. "अय्यो, किती वर्षांनी!" असं म्हणत त्यांनी तांदूळ घातले. तांदळात मधूनच एखादी नोट होती, तीही दुमडून लपवलेली, जणू देणाऱ्याला तिची लाज वाटत होती. दुपारी भात झाला, पंक्ती बसली. सगळे आनंदात होते. नित्या मात्र पानावरचा भात चिवडत होती.

"काय जाहलं गे? मीठ कमी आहे?"

"मामा, ऑपरेशन तांदळावर होत नाही."

तिचं खरं होतं. मी त्या दिवशी पोट भरून घेतलं होतं, आणि तिच्या इस्पितळातल्या मुलांना त्याचा काही उपयोग नव्हता.

दुसऱ्या दिवशी ती मला पिशवीत घालून इस्पितळात घेऊन गेली. मुलांना दाखवायला. तिथे मला शरण्या भेटली.

शरण्या दारासुरमची, रेशीम विणणाऱ्या घरातली. वय पाचाच्या आत-बाहेर. दोन वेण्या, वेण्यांत अबोली, ओठांवर किंचित निळसर झाक. चार पावलं पळाली की थांबायची आणि कमरेवर हात ठेवून मोठ्या माणसासारखा श्वास घ्यायची. तिच्या हृदयाला छिद्र होतं, शस्त्रक्रियेची तारीख ठरायची होती. तिने मला मांडीवर घेतलं, तोंड माझ्या तोंडाला लावलं आणि आत ओरडली, "आत कोण आहे?"

माझ्या पोटात तिचा आवाज फिरला आणि तिच्याकडे परत गेला. ती इतकी हसली की तिच्या आईने, वसंताने, तिला आवरलं. "पुरे कण्णु, पुरे बाळा, दम लागेल."

"अम्मा, सोंबुला भूक लागली आहे," शरण्या म्हणाली, आणि हातातल्या बिस्किटाचा अर्धा तुकडा तिने माझ्यात टाकला. इतक्या वर्षांत इतके हात आले, पण मला भूक लागली असेल असं कुणाच्या मनात आलं नव्हतं.

त्याच क्षणी नित्याने फोन उचलला आणि फोटो काढला. फोटो खरोखर सुंदर होता. हसणारी पोर आणि तिच्या कवेत मी.

"वसंता अक्का," नित्या म्हणाली, "हा फोटो वापरू का? देणगीसाठी? लोकांनी हिला बघितलं तर खूप मदत येईल. हिलाही, बाकीच्यांनाही."

वसंताने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. "तुम्ही म्हणाल तसं, मॅडम."

"तुमची हरकत नाही ना?"

"तुम्ही म्हणाल तसं."

नित्याने त्याला होकार मानलं. आभार मानले, वसंताचे दोन्ही हात हातांत घेतले, मनापासून. मी पितळेचा, मला बोलता येत नाही. पण आयुष्यभर मी हातच वाचत आलो आहे. त्या दिवशी वसंताचे हात गार होते.

शरण्याचा चेहरा कागदावर छापून आला. चौकोनी, मागे गोंद असलेला. खाली फोन धरून पैसे पाठवायची खूण. नित्याने मंदिरात बसून तो माझ्या पोटावर नीट चिकटवला, कडा नखाने दाबल्या.

"चंबूला तोंड लावलंस?" मामा दारातून म्हणाले.

"मामा, चेहरा दिसला की माणसाचं मन हलतं. हे मी शिकून आले आहे."

"आमचंही हलायचं की. चेहरा नसतांना."

"आणि त्या हलण्याने कुठल्या मुलाचं ऑपरेशन झालं?"

मामांनी उपरणं झटकलं, मला बांधलं. "सरी, सरी, बरं. तुझं बघू."

दुसरी फेरी उत्सवाच्या दिवशी निघाली आणि गावाने ती डोक्यावर घेतली. आमची गल्ली, तळ्याचा काठ, मग बाजारपेठ. नित्याने आधीच फोनवरून सगळीकडे कळवलं होतं. लोक माझी वाट बघत उभे होते. आधी माझ्याकडे हात यायचे, आता चेहरे यायला लागले. लोक वाकून शरण्याकडे बघत, च् च् करत, फोन धरत, मग आपण देतानाचा फोटो काढून घेत. एक बाई म्हणाली, "पावम्, बिचारी किती गोड आहे! जगेल का?" आणि ते ऐकायला कुणी नसल्यासारखं मोठ्याने म्हणाली. मामांचं गाणं कुणाला ऐकू येत नव्हतं. ते जमिनीकडे बघत गात होते, एकटेच.

कॉफीच्या दुकानासमोर एक माणूस उभा होता. काखेत कापडात गुंडाळलेलं गाठोडं, तिरुभुवनमच्या विणकर सोसायटीत साडी पोचवायला निघाल्यासारखा. तो माझ्याकडे बघत राहिला. हलेना. मागून लोक रेटारेटी करत होते.

"अण्णा, घालायचं असेल तर घाला, नाहीतर बाजूला व्हा."

"बघत काय बसलात? आपली पोर समजा आणि टाका काहीतरी!"

सगळे त्याच्याकडे बघायला लागले. त्याने खिशात हात घातला. त्याची बोटं रेशमाच्या रंगाने किरमिजी झाली होती, नखांच्या मुळापर्यंत. त्या बोटांतून एक नाणं माझ्यात पडलं. मग तो गर्दीतून वाट काढत निघून गेला. साडी पोचवायच्या दिशेने नाही, उलट्या दिशेने.

फेरीतून आलेल्या पैशातून पापनाशमच्या एका मुलाचं हृदय दुरुस्त झालं, त्यानंतर आणखी एका मुलीचं. हे मी लपवणार नाही. ती मुलं आज पळत असतील, आणि त्यात शरण्याच्या हसण्याचा वाटा आहे.

पण शरण्या स्वतः आली नाही.

तिची तारीख ठरली होती. पलंग तयार होता, रक्त देणारे तयार होते. त्या सकाळी नित्या इस्पितळाच्या फाटकात उभी राहिली. प्रत्येक टाउन बसमधून उतरणाऱ्या माणसांत वसंताला शोधत राहिली. वसंताचा फोन बंद होता. दुपारी तो पलंग दुसऱ्या मुलाला द्यावा लागला. डॉक्टर एवढंच म्हणाले, "आणखी फार उशीर करू नका. तिच्या ओठांचा रंग तुम्ही बघितला आहे."

त्याच दुपारी नित्या दारासुरमला गेली. मला बरोबर घेतलं. शरण्याला मी आवडतो, मला बघून ती बाहेर येईल, असं तिला वाटलं.

विणकरांची गल्ली. घराघरातून मागाचा ठेका येत होता. वसंताचं घर विचारलं तर एका पोराने माझ्या पोटाकडे बोट दाखवलं आणि ओरडला, "सोंबु पापा! सोंबु पापाचं घर ते!" त्याच्यामागे आणखी पोरं आली. "सोंबु पापा, सोंबु पापा, काशु पोडु पापा!" म्हणजे चंबूवाली छकुली, पैसे टाका हो पैसे टाका. त्यांनी त्याला चाल लावली होती. चाल चांगली होती. खूप दिवस म्हणत असल्याशिवाय अशी चाल बसत नाही.

वसंता दारात आली. ओल्या हातांनी. नित्याला बघून तिने आत पाहिलं. आत खड्ड्याच्या मागावर तो बसला होता, तिचा नवरा, स्वामीनाथ. त्याने मान वर केली नाही, धोटा इकडून तिकडे फेकत राहिला. पण मी त्याची बोटं ओळखली. किरमिजी, नखांच्या मुळापर्यंत.

"अण्णा, आज शरण्याची तारीख होती," नित्या म्हणाली.

धोटा थांबला.

"आमच्या घरातून लोकांची लग्नं होतात, मॅडम," तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. "आम्ही विणलेलं नेसून मुली मांडवात बसतात. उद्या माझ्या मुलीला बघायला कोण येईल? गावोगावच्या फोनमध्ये आहे ती. छातीत भोक असलेली पोर म्हणून."

"ती बरी होईल अण्णा. पूर्ण बरी होईल. मग कुणाला आठवणार पण नाही..."

"मला आठवेल. भर बाजारात माझ्या पोरीच्या तोंडावर मी नाणं टाकलं. बापाने. लोक म्हणाले, आपली पोर समजा आणि टाका."

नित्याने मला एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं.

"मला माहीत नव्हतं तुम्ही... मी वसंता अक्कांना विचारलं होतं," ती वळली. "अक्का, मी विचारलं होतं ना? तुम्ही हो म्हणालात."

वसंता खाली बघत होती. "तुम्ही माझ्या पोरीचा जीव वाचवणार होता, मॅडम," ती म्हणाली. "तुम्हाला नाही कसं म्हणायचं?"

गल्लीतून पोरांचं गाणं ऐकू येत होतं.

मग आतल्या दाराशी शरण्या आली. वेण्या तशाच होत्या, अबोली नव्हती. तिने मला पाहिलं. मला वाटलं, आता धावत येईल, माझ्यात तोंड घालून ओरडेल. तिने दोन्ही हातांनी आपला चेहरा झाकला आणि भिंतीकडे वळली.

माझ्या पोटावर ती अजून हसत होती. मला ती झाकता येत नव्हती. पितळेला हात नसतात.

"जा मॅडम," स्वामीनाथ म्हणाला. "पोर आमची आहे. बघू काय करायचं ते." आणि मागाचा ठेका पुन्हा सुरू झाला.

दिवेलागणीला आम्ही मंदिरात परतलो. नित्या पायरीवर बसली आणि नखाने तो कागद काढायला लागली. गोंद चिवट होता. आधी कोपरा आला, मग वेणी, मग अर्धं हसू. ती काढत होती आणि रडत होती, आवाज न करता.

मामा शेजारी येऊन बसले. तिने सगळं सांगितलं.

"मी तो फोटो सगळीकडून काढून टाकणार आहे," ती म्हणाली.

"काढ. पण ज्यांनी पुढे पाठवला, त्यांचं काय करशील?"

तांदूळ सांडले तर वेचता येतात. फोनमधून गेलेला चेहरा वेचता येत नाही.

"मामा, तुम्हाला माहीत होतं असं होईल? मग अडवलंत का नाही?"

"नाही गे, ठाऊक नव्हतं," मामा म्हणाले. "चेहरा बघायचा नाही, नांव घ्यायचं नाही, हें सगळं आम्ही पाळत आलों. कां, तें कधी कोणी विचारलं नाही. तू विचारतीस तर सांगतां आलं नसतं. आणि खरं सांगूं? मजला पुन्हा गल्लीत गायचं होतं."

कागद सगळा निघाला तेव्हा दोघांनाही दिसलं. फेरीनंतरच्या दिवसांत दमट हवेने माझं अंग काळवंडलं होतं, पण कागदाखाली हवा पोचली नव्हती. माझ्या पोटावर एक लख्ख चौकोन उरला होता. चेहरा गेला, चेहऱ्याची जागा राहिली.

"चिंच लावून घास," मामा म्हणाले. "सकाळी."

वाचणाऱ्यांनो, माझी कहाणी एवढीच. मी भांडं आहे. माझ्यात काय पडावं, माझ्यावर काय चिकटावं, हे मी ठरवत नाही. देणाऱ्यांनो, तुम्ही द्या, भरपूर द्या, मुलांची हृदयं खरंच तुमच्या मुठीवर चालतात. फक्त द्यायच्या आधी कुणाचा चेहरा मागू नका. ज्या लेकराने मला भूक लागली असेल म्हणून अर्धं बिस्किट दिलं, तिला आज माझी भीती वाटते. मी वितळून पुन्हा ओतला गेलो तरी हे माझ्यातून जाणार नाही.

सकाळी नित्याने मला अंगणात घेतलं. चिंच, राख, नारळाची शेंडी. नुसता डाग घासला नाही, मला सगळ्यालाच घासलं. ओठापासून बुडापर्यंत, चौकोन आणि बाकीचं अंग एकसारखं होईपर्यंत. मग धुतलं, पुसलं, मामांचं उपरणं मागून घेतलं आणि मला त्यात बांधायला लागली. गाठ तिला जमेना. मामांनी बांधून दिली.

"कोठे?"

"दारासुरमला."

"डॉक्टरांचं म्हणणं सांगायला?"

"नाही. पलंगाचं मी इस्पितळात बोलून ठेवलंय, ज्या दिवशी येतील त्या दिवशी घेतील. मी फक्त त्या गल्लीतून जाणार. अनवाणी. मागायचं नाही, बोलवायचं नाही, वर बघायचं नाही. तुम्ही जायचात तशी."

"तुजला गायला कोठे येतं? तुझा सूर म्हणजे बसचा भोंगा."

"एक ओळ शिकवा. तेवढीच म्हणेन."

मामांनी एक ओळ म्हटली. तिने मागून म्हटली. मामांनी तोंड वाकडं केलं, पुन्हा म्हटली. तिसऱ्यांदा त्यांनी मान डोलावली.

"पोरं हसतील गे तुला."

"हसू देत. तिला नाही ना हसणार तेवढा वेळ."

मामांनी उपरण्याची गाठ पुन्हा तपासली. "आणि तें दार उघडलं नाही तर?"

"तर पुढच्या दाराशी जाईन," नित्या म्हणाली. "आणि उद्या परत."

तिने मला खांद्यावर घेतलं. पोटात एक दाणाही नव्हता. उंबरा ओलांडताना ती अगदी हळू म्हणाली, मामांना की मला, कोण जाणे, पण म्हणाली की दार ज्या दिवशी उघडेल त्या दिवशी आधी शरण्याची माफी मागायची. वसंताची नाही, स्वामीनाथची नाही, आधी शरण्याची. तारखेचं नंतर.